विश्लेषण : टाळेबंदी एकच, मग करोनाचा फटका वेगवेगळा का? अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर काय सांगतात?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही एकाच रेल्वेमार्गावरील लागून असलेली तीन शहरे. राज्य सरकार एक, जिल्हाधिकारी एक, टाळेबंदीचे आदेशही जवळपास एकच. तरीही करोनाकाळात कोणत्या शहरात रुग्ण आधी वाढले, कुठे खाटा मिळाल्या, कुठे मिळाल्या नाहीत, याचा अनुभव प्रत्येक शहरात वेगळा होता. राज्याराज्यांतला फरक तर त्याहून मोठा. ‘आमच्या सरकारने चांगले हाताळले, तुमच्या सरकारने बिघडवले’ हा वाद तेव्हापासून सुरू आहे. पण साथीच्या परिणामांतला फरक खरोखर सरकारी धोरणाने ठरतो का? अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतून पाहिले, तर या प्रश्नाचे उत्तर राजकीय सभांतल्या उत्तरापेक्षा बरेच वेगळे दिसते.

प्रश्न नेमका काय आहे?

देशातील करोनाबळींची अधिकृत संख्या सुमारे ५ लाख ३० हजार. त्यातील सुमारे १ लाख ४८ हजार मृत्यू एकट्या महाराष्ट्रात नोंदले गेले. देशाच्या लोकसंख्येत महाराष्ट्राचा वाटा नऊ टक्क्यांच्या आसपास, मृत्यूंमध्ये मात्र चौथ्या हिश्श्याहून अधिक. दुसऱ्या टोकाला बिहार. लोकसंख्या महाराष्ट्राच्या जवळपास. मृत्यू मात्र १२ हजारांच्या घरात.

२०११च्या जनगणनेशी ताडून पाहिले तर बिहारमध्ये लाख लोकांमागे सुमारे १२, महाराष्ट्रात सुमारे १३० आणि केरळात २१५च्या आसपास मृत्यू होतात. आरोग्यसेवेसाठी नावाजलेले केरळ या यादीत महाराष्ट्रापेक्षा वाईट आणि बिहार सर्वांत उत्तम! हे आकडे जसेच्या तसे धोरणाची गुणपत्रिका म्हणून वाचले, तर केरळने बिहारकडून धडे घ्यायला हवेत. तसे कोणीच म्हणत नाही. म्हणजे मोजपट्टीतच काहीतरी गडबड आहे.

महाराष्ट्रात मृत्यू जास्त की मोजणी जास्त?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) जून-जुलै २०२१ मध्ये देशव्यापी सेरो सर्वेक्षणाची चौथी फेरी केली. रक्तात विषाणूविरोधी प्रतिपिंडे आहेत का, हे त्यात तपासले गेले. देशात हे प्रमाण ६७.६ टक्के होते. मध्य प्रदेशात ७९, बिहारमध्ये ७५.९, गुजरातमध्ये ७५.३, महाराष्ट्रात ५८ आणि केरळात सर्वांत कमी म्हणजे ४४.४ टक्के.

म्हणजे विषाणू बिहारमध्ये महाराष्ट्रापेक्षा अधिक लोकांपर्यंत पोहोचला होता. या सर्वेक्षणाच्या मर्यादाही लक्षात घ्यायला हव्यात. प्रतिपिंडे लशीमुळेही तयार होतात. शिवाय महाराष्ट्रातील निवडलेल्या सहा जिल्ह्यांत मुंबई-ठाणे नव्हते. तरीही संसर्ग जास्त आणि मृत्यू दहा पटींनी कमी, हे गणित केवळ चांगल्या उपचारांनी सुटत नाही. मृत्यू नोंदलेच गेले नाहीत, हे त्याचे मोठे कारण.

बिहारनेच ९ जून २०२१ रोजी आपला आकडा एका दिवसात ५,४५८ वरून ९,४२९ वर नेला. महाराष्ट्रानेही १६ जून २०२० रोजी आधी नोंदायचे राहिलेले १,३२८ मृत्यू एकदम यादीत घेतले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मृतांच्या वारसांना ५० हजार रुपयांची मदत जाहीर झाली, तेव्हा हे चित्र आणखी स्पष्ट झाले. जानेवारी २०२२ पर्यंत गुजरातमध्ये सुमारे दहा हजार अधिकृत मृत्यूंसमोर जवळपास ९० हजार अर्ज आले. महाराष्ट्रात सुमारे १ लाख ४१ हजार मृत्यूंसमोर अर्ज होते २ लाख १३ हजारांच्या घरात. मोजणी इथेही अपुरी होती, पण गुजरातइतकी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये २०२० आणि २०२१ या दोन वर्षांतील भारतातील अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज ४७ लाख इतका दिला. केंद्र सरकारने तो फेटाळला.

मृत्यू किती प्रामाणिकपणे नोंदायचे, हाही सरकारी धोरणाचाच भाग. पण त्याचा परिणाम उलटा दिसतो. जे सरकार नीट मोजते, ते कागदावर नापास ठरते.

वयाचा हिशेब कोणी करायचा?

करोनाचा धोका वयानुसार झपाट्याने वाढतो. २०११च्या जनगणनेनुसार साठीपुढील लोकांचे प्रमाण केरळात १२.६ टक्के, महाराष्ट्रात ९.९, तर बिहारमध्ये ७.४ टक्के होते. म्हणजे संसर्ग अगदी समान झाला असता आणि उपचारही समान मिळाले असते, तरी केरळात मृत्यूचे प्रमाण जास्तच राहिले असते. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि स्थूलता यांचाही परिणाम असाच. यात त्या वेळच्या मुख्यमंत्र्यांचा ना दोष, ना श्रेय.

हाच हिशेब शहरांना लागू होतो. चाळिशीच्या आतल्या कामगारांनी भरलेली वस्ती आणि निवृत्तांची जुनी सोसायटी यांची थेट तुलना करता येत नाही. वयाचा फरक वजा केल्याशिवाय मांडलेली प्रत्येक क्रमवारी फसवी असते.

एकाच शहरात ५७ आणि १६ टक्के कसे?

धोरणाचा परिणाम वेगळा काढायचा असेल, तर धोरण समान असलेली जागा पाहावी लागते. मुंबईने ती संधी दिली. जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) यांनी माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसर या भागांतील तीन प्रभागांत सेरो सर्वेक्षण केले. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडे आढळली, इमारतींत राहणाऱ्यांमध्ये १६ टक्के.

महापालिका तीच, आयुक्त तेच, टाळेबंदीची तारीख तीच. फरक होता खोलीच्या आकाराचा, सार्वजनिक शौचालयाचा, पाण्याच्या नळाचा. ‘घरीच थांबा’ हा आदेश ज्याच्या घरात वेगळी खोली आहे त्याच्यासाठी संरक्षण ठरला. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे असतील, तर तोच आदेश संसर्गाला मदत करणारा ठरू शकतो.

शंभर वर्षांपूर्वीही असेच घडले होते. १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मुंबई शहरात कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींमधील हिंदूंमध्ये हजारी ६१.६ मृत्यू झाले, युरोपीयांमध्ये ८.३. तेव्हाही सरकार एकच होते.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर यांत फरक काय?

आता या मोजपट्ट्या घेऊन आपल्या तीन शहरांकडे येऊ. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून १९४९ मध्ये उल्हासनगर उभे राहिले. आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प पाच’ असेच सांगतात. साधारण १३ चौरस किलोमीटर क्षेत्रात २०११ मध्ये पाच लाखांहून अधिक लोक राहत होते, म्हणजे चौरस किलोमीटरला सुमारे ३८ हजार. बराकी, त्यांवर चढवलेले मजले, खालच्या मजल्यावर जीन्सचे किंवा फर्निचरचे काम आणि वर कुटुंब, अशी इथली रचना.

बदलापूरचे क्षेत्र उल्हासनगरच्या अडीचपटीहून अधिक आणि लोकसंख्या २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास. घनता चौरस किलोमीटरला पाच हजारांजवळ. पुढच्या दशकात इथे इमारती भराभर वाढल्या, पण त्या मुख्यतः मुंबई-ठाण्यात नोकरी करणाऱ्या चाकरमान्यांसाठी. अंबरनाथ या दोहोंच्या मधले. सुमारे अडीच लाखांचे शहर, आयुध निर्माणीची जुनी वसाहत, आनंदनगर आणि मोरिवलीची एमआयडीसी आणि तिच्या आसपास वाढलेल्या चाळी.

म्हणून विषाणूचा प्रवासही वेगळा झाला. बदलापूर-अंबरनाथमध्ये सुरुवातीच्या रुग्णांत मुंबईत कामाला जाणारे पोलीस, परिचारिका, रुग्णालय आणि पालिका कर्मचारी ठळकपणे दिसले. विषाणू तिथे रोजच्या प्रवासातून आला. उल्हासनगरसारख्या दाट वस्तीत तो एकदा शिरला, की घराघरांत पसरायला त्याला प्रवासाची गरज नव्हती.

कारभार कोणाच्या हातात होता?

ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका आणि दोन नगरपालिका आहेत. या दोन नगरपालिका म्हणजे अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर. उल्हासनगरला महापालिका, आयुक्त आणि निवडून आलेले सभागृह होते. अंबरनाथ आणि बदलापूरच्या सभागृहांची मुदत मे २०२० मध्ये, म्हणजे साथ ऐन भरात असताना संपली. निवडणुका लांबल्या, प्रशासक आले आणि पुढची पाच वर्षे तेच राहिले. ‘माझ्या वडिलांना खाट मिळवून द्या’ असा रात्री दोन वाजता फोन करायचा तर हक्काचा नगरसेवक उरलेला नव्हता. माजी नगरसेवकांनी धावपळ केली, पण त्यांच्या सहीला कागदोपत्री किंमत नव्हती.

महापालिकेतही सगळे स्थिर होते असे नाही. जून २०२० मध्ये ठाणे, उल्हासनगरसह महानगर प्रदेशातील अनेक पालिकांचे आयुक्त ऐन साथीत बदलले गेले. नगरपालिकांची अडचण आणखी मूलभूत होती. महापालिकेकडे स्वतःची आरोग्य यंत्रणा असते. नगरपालिकेचा आरोग्य विभाग प्रामुख्याने सफाई आणि नोंदणीपुरता. अंबरनाथचे छाया रुग्णालय, उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय यांवरच तिन्ही शहरांच्या सरकारी उपचारांचा भार होता. पुढे अंबरनाथमध्ये दंत महाविद्यालयाच्या इमारतीत करोना रुग्णालय उभारावे लागले. बदलापुरात सभागृह आणि गरिबांसाठी बांधलेल्या घरांच्या इमारती वापरल्या गेल्या. खाटा उभ्या राहिल्या, पण गंभीर रुग्णाला ठाणे किंवा मुंबई गाठणे भागच होते.

एमआयडीसीला टाळेबंदी कशी लागू झाली?

महाराष्ट्राने १३ मार्च २०२० रोजी १८९७चा साथरोग कायदा लागू केला. पुण्या-मुंबईतील प्लेगच्या काळात ब्रिटिशांनी केलेला हा कायदा. २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आली. कारखान्यांचे दरवाजे बंद झाले, पण सगळ्यांचे नाही. औषधे, त्यांना लागणारी रसायने, अन्नपदार्थ आणि वेष्टने बनवणारे कारखाने अत्यावश्यक ठरले.

२० एप्रिलनंतर राज्यात इतरत्र उद्योगांना सवलत मिळाली, तरी मुंबई महानगर प्रदेश लाल क्षेत्रात असल्याने अंबरनाथला वाट पाहावी लागली. नंतर अट अशी आली, की कामगारांची राहण्याची सोय आवारात करा किंवा त्यांच्यासाठी स्वतंत्र वाहतूक ठेवा. एप्रिल २०२१च्या ‘ब्रेक द चेन’ आदेशांतही आवारात किंवा वेगळ्या ठिकाणी राहणाऱ्या कामगारांवर उद्योग चालवण्याची मुभा आणि ५०० पेक्षा जास्त कामगार असतील तर स्वतःचे विलगीकरण केंद्र, अशा अटी होत्या.

कागदावर नियम सगळ्यांना एकच. पण ज्या कंपनीकडे मोठे आवार, उपाहारगृह आणि बस आहे, तिला तो पाळता आला. पाच-पंधरा कामगारांच्या गाळ्याला ना राहण्याची जागा, ना बस परवडणारी. अशा गाळ्यांचे शटर खाली राहिले किंवा कामगार शेअर रिक्षात दाटीने बसून आले. ठेकेदाराकडच्या कामगाराला तर आजारी पडल्याचे सांगणे म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे मजुरी बुडणे. खोकला लपवून पाळीवर येणारा माणूस बेजबाबदार होता असे म्हणणे सोपे आहे. त्याला चौदा दिवसांची भरपगारी रजा मिळाली असती, तर तो घरी थांबला असता का, हा प्रश्न धोरणाचा आहे.

लोकल बंद केल्याने काय साधले?

२२ मार्च २०२० नंतर उपनगरी लोकल थांबली. १५ जूनपासून ती फक्त अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली. महिलांना २१ ऑक्टोबरपासून, तर सर्वसामान्यांना वेळेच्या मर्यादेत १ फेब्रुवारी २०२१ पासून प्रवेश मिळाला. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंदी आणि लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून मुभा.

बदलापूर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटर, अंबरनाथ ६०. लोकल बंद होती तेव्हा खासगी नोकरीतला माणूस एसटीच्या रांगेत उभा राहिला. तास-दीड तासाच्या प्रवासाला तीन-चार तास लागू लागले, तेही बंद काचांच्या गर्दीत. लोकल बंद ठेवल्याने सुरुवातीच्या आठवड्यांत संसर्गाची गती नक्कीच मंदावली. पण नोकरी सुरू आणि गाडी बंद अशी स्थिती महिनोन्‌महिने राहिली, तेव्हा गर्दी फक्त स्थानकातून बसथांब्यावर सरकली.

मे २०२० मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने तर मुंबईत काम करणाऱ्यांनी मुंबईतच राहावे, असा आदेश काढला. विरोध झाल्यावर तो आवरता घ्यावा लागला. त्यामागची चिंता खरी होती. रात्री झोपण्याचे शहर आणि दिवसा कमावण्याचे शहर वेगळे असेल, तर एका शहराची टाळेबंदी दुसऱ्या शहराच्या मदतीशिवाय चालत नाही. २ जुलै २०२० पासून ठाणे, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर येथे पुन्हा कडक टाळेबंदी आली तेव्हाही हाच अनुभव आला. रस्त्याच्या एका बाजूची दुकाने एका पालिकेच्या नियमाने बंद आणि पलीकडची दुसऱ्या पालिकेच्या नियमाने सुरू.

मजुरांना कधी सोडायचे, याचा परिणाम झाला?

झाला, आणि इथे धोरणाचा हात अगदी स्पष्ट दिसतो. टाळेबंदीत परप्रांतीय कामगार महिनाभराहून अधिक काळ अडकले. मे २०२० पासून श्रमिक गाड्या सुटल्या. तोवर मुंबई महानगर प्रदेशात संसर्ग बराच वाढला होता.

अनंत सुदर्शन, फियोना बर्लिग आणि गॅरिसन श्लाउच या संशोधकांनी मुंबईतून वेगवेगळ्या टप्प्यांत घरी गेलेल्या स्थलांतरितांच्या जिल्ह्यांची तुलना केली. फार कमी काळ अडवले तर संसर्ग कमी पसरतो, फार जास्त काळ अडवले तरी कमी. मधल्या काळात सोडले तर सर्वांत जास्त, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे ‘कडक’ की ‘सैल’ यापेक्षा ‘कधी’ हा प्रश्न महत्त्वाचा होता. शहरात विषाणू शिखरावर असताना माणसे गावी गेली आणि तिकडचे आकडे वाढले. त्या जिल्ह्यांतील प्रशासन कितीही सक्षम असते, तरी हा भार त्यांनी निवडलेला नव्हता.

मग चांगल्या प्रशासनाचा उपयोगच नाही?

उपयोग आहे, पण तो दुसरीकडे दिसतो. नंदुरबार हा राज्यातील आदिवासीबहुल, मागास गणला जाणारा जिल्हा. तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट ओसरत असतानाही प्राणवायू निर्मितीचे प्रकल्प उभारून घेतले. पहिला प्रकल्प सप्टेंबर २०२० मध्येच सुरू झाला होता. एप्रिल २०२१ मध्ये राज्यभर प्राणवायूसाठी धावाधाव सुरू होती, कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेने विशाखापट्टणमला न्यावे लागत होते, तेव्हा नंदुरबारकडे स्वतःची सोय होती.

केंद्राने २२ एप्रिल २०२१ पासून नऊ उद्योग वगळता इतरांना प्राणवायू देणे थांबवले. अंबरनाथसारख्या वसाहतींत लोखंड कापण्या-जोडण्याची कामे करणाऱ्या लहान कारखान्यांना याची झळ बसली. पण तो निर्णय जीव वाचवणारा होता. इथे आदेश आणि परिणाम यांचा संबंध सरळ आहे. सिलिंडर गाळ्याऐवजी रुग्णालयात गेला.

धारावीचे उदाहरण थोडे गुंतागुंतीचे. १ एप्रिल २०२० रोजी तिथे पहिला रुग्ण सापडला. घरोघर तपासणी, सार्वजनिक शौचालयांची वारंवार सफाई, शाळा-सभागृहांत विलगीकरण हे सगळे झाले आणि १० जुलै रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी तिचे कौतुक केले. त्याच महिन्यात मुंबईतल्या इतर झोपडपट्ट्यांत निम्म्याहून अधिक लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे दिसले. मग धारावीतील रुग्ण घटले ते पालिकेच्या कामामुळे, की बहुतेकांना आधीच लागण झाल्यामुळे? दोन्हींचा वाटा असू शकतो. मात्र वेळेत विलगीकरणात नेलेल्या वृद्धाचा जीव वाचला असेल, तर त्याचे श्रेय यंत्रणेलाच द्यावे लागेल.

जगात काय दिसले?

पेरू या देशाने मार्च २०२० मध्येच अत्यंत कडक टाळेबंदी लावली, लष्कर रस्त्यावर उतरवले. तरीही मृत्यूंच्या प्रमाणात तो जगात सर्वांत वरच्या देशांत गेला. तिथेही मोजणीचा प्रश्न होताच. मे २०२१ अखेरीस त्यांनी मृतांचा आकडा सुमारे ६९ हजारांवरून १ लाख ८० हजारांवर नेला. अनेकांकडे फ्रिज नव्हता, रोज बाजारात जावे लागे. बँक खाती नसल्याने मदतीची रक्कम घेण्यासाठी रांगा लागल्या. आदेश कडक, पण तो पाळण्याची ऐपत लोकांकडे नव्हती.

‘लॅन्सेट’मध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये १७७ देशांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. साथीसाठी देश किती सज्ज आहे, हे दाखवणारे आधीचे निर्देशांक प्रत्यक्षातील फरक समजावू शकले नाहीत. सरकारवरचा आणि एकमेकांवरचा विश्वास जिथे जास्त, तिथे संसर्ग कमी आढळला. २०२३ मध्ये अमेरिकेतील राज्यांची तुलना झाली. वय आणि आजार यांचा हिशेब केल्यानंतरही अॅरिझोनातील मृत्युदर हवाईच्या जवळपास चौपट होता. गव्हर्नर कोणत्या पक्षाचा, याचा मृत्युदराशी संबंध दिसला नाही. गरिबी, शिक्षण, उपचारांची उपलब्धता, लसीकरण आणि परस्परविश्वास यांचा दिसला.

अंबरनाथचा कामगार कोणत्या शहराच्या आकड्यात?

समजा, एक कामगार बदलापुरात भाड्याने राहतो. काम आनंदनगर एमआयडीसीत. ताप आल्यावर तपासणी उल्हासनगरात. प्रकृती खालावल्यावर ठाण्यातील रुग्णालय. तिथे मृत्यू. आधार कार्डावर पत्ता जळगावचा किंवा जौनपूरचा.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९च्या कायद्यानुसार मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. करोनाच्या यादीत मात्र रुग्ण राहत्या पत्त्यानुसार मोजला जात होता. पत्ता चुकीचा किंवा अर्धवट असेल, तर एक पालिका दुसरीकडे बोट दाखवते. कारखान्याच्या दृष्टीने तो ठेकेदाराचा माणूस. म्हणजे संसर्ग एमआयडीसीत झाला असला, तरी ‘एमआयडीसी’ नावाची ओळ कोणत्याच तक्त्यात नाही.

हा केवळ आकडेमोडीचा वाद नाही. प्रमाणपत्रावर मृत्यूचे कारण काय लिहिले, यावर ५० हजारांची मदत ठरली. कुठल्या शहरात किती रुग्ण, यावर खाटा, लशी आणि निधीची वाटणी ठरते. तीन शहरांचा आकडा तीन ठिकाणी तुटला, तर तिघांनाही अपुरेच मिळते.

मग उत्तर काय आणि पुढे काय?

सरकारी धोरणाने फरक पडतो का? पडतो. पण साथीच्या महिन्यांतले आदेश त्याचा लहान भाग स्पष्ट करतात. ते आदेश देशभर बरेचसे सारखे होते आणि परिणाम मात्र सारखे नव्हते. मोठा फरक पडला तो आधीच ठरलेल्या गोष्टींमुळे. निर्वासितांच्या बराकींचे पुढे काय केले, चाकरमान्यांना नोकरीपासून साठ किलोमीटरवर का राहावे लागते, नगरपालिकेला रुग्णालय चालवण्याइतके बळ दिले का, कंत्राटी कामगाराला आजारपणाची रजा आहे का, मृत्यूचे कारण लिहिणारा डॉक्टर उपलब्ध आहे का. हीसुद्धा धोरणेच, फक्त त्यांवर कुठल्याही एका सरकारची सही नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, त्यात अंबरनाथचे एक आहे. करोनाकाळात दंत महाविद्यालयाच्या इमारतीत खाटा टाकाव्या लागलेल्या शहरासाठी हा बदल मोठा. महाविद्यालयाला जोडून पुरेशा खाटांचे, अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय पूर्ण क्षमतेने चालले, तरच पुढच्या साथीत रुग्णाला ठाण्याची वाट धरावी लागणार नाही.

त्याबरोबर तीन गोष्टी कमी खर्चात होऊ शकतात. तिन्ही शहरे आणि एमआयडीसी मिळून एकच रुग्ण आणि मृत्यू नोंद, ज्यात राहण्याचे आणि कामाचे असे दोन्ही पत्ते असतील. कारखान्यांत कायम आणि कंत्राटी अशा दोघांनाही साथीच्या काळात भरपगारी विलगीकरण रजा. आणि लहान गाळ्यांसाठी एमआयडीसीनेच उभारलेले सामाईक विलगीकरण केंद्र व वाहतूक. पुढच्या साथीत टाळेबंदीची तारीख दिल्ली किंवा मुंबईतून येईल. आनंदनगरचा ताप आलेला कामगार त्या दिवशी घरी थांबू शकेल की नाही, हे मात्र आताच ठरवावे लागेल.